नेहमीप्रमाणे फोडणी करावी

स्वयंपाकाच्या पुस्तकाची परीक्षा आपल्याकडे उलट्या टोकाकडून होते. दुकानात पुस्तक हातात आलं की माणूस आधी चित्रं बघतो, मग पाककृती किती आहेत ते बघतो, मग किंमत बघतो आणि शेवटी मलपृष्ठावरचा लेखिकेचा फोटो न्याहाळून या बाईंच्या घरी जेवायला काय मिळत असेल याचा अंदाज बांधतो. यातल्या एकाही गोष्टीचा उद्या सकाळच्या भाजीशी काडीचा संबंध नसतो. चित्रातल्या भाजीला खाणारं कुणी नसतं, त्यामुळे तिला दिसण्यापलीकडे काही काम नसतं. पाककृतींच्या संख्येचं तर विचारूच नका. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं ते 'एक हजार पाकक्रिया' असा आकडा नावातच मिरवत. पुस्तक मोलाचं आहे, पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकाचा एवढा ऐवज दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण आकड्याचा हिशोब करून बघावा. रोज एक नवा पदार्थ म्हटलं तरी पावणेतीन वर्षं लागतात. इतके दिवस कुठलंच घर शहाण्यासारखं वागत नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी ताट पुढे सारून विचारतं, "साधा वरणभात नाही का आज?" आणि उरलेल्या नऊशे शहाण्णव पाकक्रिया जागच्या जागी निवृत्त होतात.

माझ्या मते पुस्तक पारखायचं तर त्यात काय लिहिलंय ते नंतर बघावं. काय लिहिलेलं नाही ते आधी बघावं. प्रत्येक स्वयंपाकाचं पुस्तक मनात एक घर धरून लिहिलेलं असतं. त्या घरात खाणारी तोंडं किती, फडताळात काय काय भरून ठेवलंय, वाटण-घाटण कोण करतं, सकाळी घाई असते की नसते, अडलं तर विचारायला शेजारी कुणी आहे का, हे सगळं लेखिकेनं ठरवून टाकलेलं असतं आणि सांगितलेलं नसतं. ते घर आणि आपलं घर यांच्यात जितकं अंतर, तितका पदार्थ फसतो. ही कसोटी सदाशिव पेठेत किंवा दादरला लावून उपयोग नाही, कारण मराठीतली बरीचशी पुस्तकं तीच घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. तिथे ती पास होणारच. पेपर काढणाऱ्यानंच सोडवल्यावर दुसरं काय होणार? कसोटी लावायची तर दापोडीत लावावी.

दापोडी म्हणजे पुण्यातून बोपोडी मागे टाकून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की लागणारी पिंपरी-चिंचवडची पहिली वस्ती. एका अंगाला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी सीएमई; शिवाय एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लोकलचं स्टेशन आणि २०२३च्या ऑगस्टपासून मेट्रोचंही. इथे माणूस कामासाठी येतो आणि येताना गावाकडचा मसाला बांधून आणतो. एका मजल्यावर चार दारं असली तर एकात साताऱ्याचं कुटुंब, दुसऱ्यात लातूरचं, तिसऱ्यात जळगावचं आणि चौथ्यात चिपळूणचं, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा, दोन बर्नरची शेगडी आणि एक मिक्सर, ज्याच्या तीन भांड्यांपैकी एक चालू असतं. घरातल्या एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची लोकल, तिसऱ्याची शाळा. अशा घरात पहाटे साडेपाचला पेटलेल्या शेगडीसमोर उभं राहून वाचायचं असतं, की 'डाळ आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावी'. पुस्तक असं कालच्या दिवसाला हुकूम सोडू लागलं की कितीही आज्ञाधारक वाचकाचा नाइलाज होतो.

या गावाला परक्या गृहीतकांचा जुना अनुभव आहे. खडकीच्या लढाईच्या वेळी, म्हणजे १८१७ साली, कॅप्टन फोर्डची पलटण दापोडीतच होती. त्याचा इथला बंगला पुढे मुंबईच्या गव्हर्नरांकडे आला, आणि १८२८ पासून १८६५ पर्यंत तिथे सरकारी वनस्पतिबाग होती. त्या बागेतल्या झाडाफुलांची डॉ. अलेक्झांडर गिब्सननं काढून घेतलेली चित्रं आज एडिंबरोत जपून ठेवलेली आहेत. काढणाऱ्या चित्रकाराचं नाव मात्र कुणी जपलं नाही. असल्या बंगल्यांतल्या मडमांसाठी फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर चालवण्याचं आणि स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पुस्तक साहेबी गुर्मीनं भरलेलं आहे, त्यातल्या नोकरांविषयीच्या सूचना आज वाचवत नाहीत. पण एका बाबतीत ते सरळ आहे. खानसामा लागेल, भिस्ती लागेल, कुणाला काय काम आणि किती पगार, हे त्यात उघड सांगितलेलं आहे. आपल्याकडे पुरणपोळीच्या पाककृतीत 'पुरण गरम असतानाच पाट्यावर बारीक वाटावे' एवढंच येतं. वाटणारी बाई कर्मणी प्रयोगात कधीच विरघळून गेलेली असते. मडमेच्या पुस्तकात निदान ती पगारपत्रकावर तरी दिसली असती.

आता मुख्य गुन्हेगाराकडे वळू. 'नेहमीप्रमाणे फोडणी करावी' हे मराठी पाककृतींमधलं सर्वांत निरागस दिसणारं आणि सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य आहे. कुणाच्या नेहमीप्रमाणे? हिंग आधी की हळद आधी, जिरं मोहरीच्या बरोबर की मागून, लसूण ठेचून, चिरून की मुळीच नाही, कढीपत्ता घालायचा की तो फक्त ताटाच्या कडेला काढून ठेवण्यासाठी असतो? ज्याला नेहमीची फोडणी येते त्याला पुस्तक लागत नाही, आणि ज्याला पुस्तक लागतं त्याच्याकडे 'नेहमी' नावाचं काही शिल्लक नसतं. फोडणीची सगळी करामत अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. मोहरी अर्धवट तडतडली तर ती दाताखाली कडू लागते, पूर्ण तडतडेपर्यंत थांबायचं तर तेल इतकं तापतं की मागून पडलेली हळद क्षणात काळवंडते, म्हणून हळद पडल्या पडल्या भाजी किंवा पाणी हाताशी तयार हवं. हे चार ओळींत सांगता येतं. पुस्तकं या चार ओळी वाचवतात आणि पुढच्या पानावर गाजराच्या गुलाबाला सबंध पान देतात. कांद्याचंही तसंच. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा' ही सूचना नाशिकच्या लाल कांद्याला तंतोतंत लावली तर गॅस पेटवायचं कारणच उरत नाही. तो पिशवीतून येतानाच गुलाबी असतो. गुलाबी, बदामी, सोनेरी, तपकिरी ही रंगांची पायरी लेखिकेच्या डोळ्यांत पक्की बसलेली असते. पण ट्यूबलाइटच्या उजेडात, वाफेच्या पडद्यातून, पहिल्यांदाच कांदा परतणाऱ्याला बदामी आणि सोनेरी यांतली हद्द दाखवणार कोण? त्यापेक्षा 'कांद्याचा कच्चा वास जाऊन कडेनं तेल दिसू लागेपर्यंत' म्हटलं असतं तर नाकाला आणि डोळ्यांना काहीतरी खूण मिळाली असती.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'चं यश मला इथे दिसतं. किर्लोस्करांनी ते १९७० साली काढलं, आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची नगरपालिका स्थापन झाली. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचा माझा इरादा नाही. पण दोन्हींचं गिऱ्हाईक एकच होतं हे नाकारता येत नाही. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, आणि नोकरी लागलेला मुलगा नव्या नवरीला घेऊन गावाकडच्या एकत्र कुटुंबातून दोन खोल्यांत राहायला आला. त्या दोन खोल्यांत सगळं होतं, फक्त सासू नव्हती. सासू नसण्याचे फायदे सर्वश्रुत आहेत. तोटा एकच, की 'किती घालू?' असं विचारायला कुणी नसतं. शिवाय मापांचा तो संधिकाल होता. दशमान वजनमापांचा कायदा १९५६चा. १९७० उजाडेपर्यंत वाण्याच्या तराजूत किलो-ग्रॅम बसले होते, पण आईच्या तोंडून अजून छटाक, अदपाव आणि शेर-पायलीच निघत होते, आणि नव्या बिऱ्हाडात तर तराजूच नव्हता. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा घेतला. लग्नात मिळालेल्या स्टीलच्या भांड्यांत आणखी काही असो-नसो, नाव घातलेल्या वाट्या असतातच. घरात जे नाही त्याच्यावाचून अडू नये आणि जे आहे त्यानं मोजता यावं, एवढा साधा विचार त्या निवडीमागे दिसतो. पुस्तक मनात धरत असलेलं घर आणि वाचणारीचं घर यांच्यात वाटीपुरतं तरी अंतर उरलं नाही.

यावर लगेच आक्षेप येतो, की वाटी कुठली? आमची वाटी मोठी, त्यांची लहान, कोकणातली आमटीची वाटी तर डोहच. आक्षेप तर्काला धरून आहे, पण पूर्ण खरा नाही. वाटी हे वजन नव्हे, प्रमाण आहे. एका वाटी रव्याला एक वाटी साखर म्हटलं की वाटी मोठी असो की लहान, शिरा तेवढाच गोड होतो. फक्त तो कमी-जास्त माणसांना पुरतो. वाटी फसवते ती तिच्याशेजारी न मोजलेली वस्तू येऊन बसली की. 'दोन वाट्या डाळ, चार मिरच्या, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर' या यादीत वाटी वाढली तरी मिरची चारच राहते, आणि त्या चार मिरच्या पोपटी पोचट आहेत की लवंगी आहेत यावर पुस्तकाचं मौन असतं. तेव्हा चाळताना एवढंच बघावं, की एका पाककृतीतली सगळी मापं एकाच जातीची आहेत का. नसली तर लेखिकेनं ती पाककृती लिहिताना मोजलेली नाही, आठवलेली आहे.

'चवीनुसार मीठ' या मंत्राचं काय, असं कुणी म्हणेल. तो आमटीत चालतो. पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखता येते, कमी असेल तर वाढवता येतं. पण पापडाच्या पिठात, सांडग्यात, चकलीच्या भाजणीत चवीनुसार मीठ म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे, कारण तिथे चव शेवटी कळते आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. कैरीच्या लोणच्यात तर मीठ चवीसाठी नसतंच मुळी, लोणचं टिकावं म्हणून असतं. ज्या पुस्तकात वर्षभराच्या लोणच्याला 'मीठ चवीनुसार' लिहिलं असेल ते पुस्तक वर्षभर टिकणाऱ्या लोणच्याचं नाही, पावसाळ्यात बुरशी कशी येते याचं आहे. चकलीचंही बघा. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी झालं तर दाताशी वैर धरते, तेल पुरेसं तापलेलं नसलं तर मऊ पडते आणि तेल पिते. तीन दुखणी, तीन कारणं. जे पुस्तक चकली कशी करावी हे सांगून थांबतं ते निम्मं पुस्तक. ती का बिघडली हे जे सांगतं ते पूर्ण. कारण दिवाळीच्या आदल्या रात्री, कढईत पहिला घाणा भुगा होऊन तरंगत असताना, कृती कुणालाच नको असते.

मसाल्याच्या बाबतीत मात्र दापोडीची कसोटी खऱ्या अर्थानं कडक होते. पुस्तकात 'काळा मसाला २ चमचे' एवढंच छापलेलं असतं. पुण्याच्या पेठांत काळा मसाला म्हणजे बहुधा गोडा मसाला: धने, खोबरं, तीळ, दगडफूल, सौम्य, आमटीत गूळ घालणाऱ्यांच्या स्वभावाला साजेसा. लातूरच्या दाराआडचा काळा मसाला वेगळा, त्याचे दोन चमचे भरल्या वांग्यात पडले तर वांग्यापेक्षा खाणाराच भरून येतो. त्याच घरात आमटी दाट करायला येसर असतो, ज्याचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या जुन्या पुस्तकांत शोधून सापडायची मारामार. सातारकरांकडे कांदा-लसूण मसाला, आणि तो असला की बाकी कुठला मसाला कशाला लागतो हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. जळगावकरांचा काळा मसाला शेवभाजीचा, चिपळूणकर आपला खोबऱ्याच्या वाटणावर ठाम. म्हणजे एकाच मजल्यावर एकच पान उघडून चौघांनी एकच भाजी केली तर चार भाज्या होतात, त्यांतल्या एकीचं वर्णन पुस्तकाशी जुळतं आणि उरलेल्या तीन घरांत 'पुस्तकात बघून केलं की असंच होतं' हा निष्कर्ष कायमचा निघतो. दोष पुस्तक बघण्याचा नसतो. 'काळा मसाला' या दोन शब्दांपुढे 'म्हणजे आमच्याकडे असा' एवढं एक वाक्य नव्हतं, हा दोष.

इथे जुनी जाणती मंडळी हस्तक्षेप करतात. स्वयंपाक पुस्तकानं येत नाही, हाताला चव असावी लागते, आमच्या आईनं कधी काही मोजलं नाही. आईचा मान राखूनही हे म्हणणं मला पटत नाही. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत चासीवर बसची बॉडी चढते. तिथला जुना कारागीर हातोडीच्या आवाजावरून रिव्हेट बसलं की नाही ते सांगत असेल. पण आयटीआयमधून आलेल्या शिकाऊ पोराला कुणी 'नेहमीप्रमाणे रिव्हेट मारावे' असा कागद देत नाही. त्याच्या हातात आधी नकाशा आणि माप ठेवतात, कान पुढे आपोआप तयार होतो. हाताची चव ही अशीच मागून येणारी गोष्ट आहे. आईनं मोजलं नाही असं आपल्याला वाटतं, कारण ती मोजत होती तेव्हा आपण जन्मलो नव्हतो. तिच्या सासूनं तिला चिमूट म्हणजे दोन बोटांची की तीन बोटांची हे दाखवलं होतं, चुकल्यावर ऐकवलंही होतं. ते शिक्षण होतं, फक्त छापलेलं नव्हतं.

वेळेबद्दल पुस्तकं ज्या बेफिकिरीनं बोलतात त्यावर खरं तर वेगळा लेख व्हावा. 'मंद आचेवर शिजू द्यावे' यात सिलिंडरचा विचार नसतो, १४.२ किलोचं नळकांडं महिनाभर पुरवायचं असेल तर मंद आच ही चैन आहे. कुकरनं तर घड्याळच बदललं. हॉकिन्स कंपनी १९५९ची. तिच्या कुकरसोबत जे पुस्तक येतं ते महाराष्ट्रात सर्वांत जास्त घरांत पोचलेलं आणि सर्वांत कमी वाचलेलं स्वयंपाकाचं पुस्तक असावं. त्यात प्रेशर आल्यावर किती मिनिटं ठेवायचं हे दिलेलं असतं. आपण मिनिटं मोजत नाही, शिट्ट्या मोजतो. शिट्टी आच मोठी असली की भराभर होते, बारीक असली की ताटकळत ठेवते, रिंग जुनी झाली की रुसते, तरी 'तीन शिट्ट्या' हे आपल्याकडे कालमापन आहे, आणि पुढे मराठी लेखिकांनीही मिनिटांचा नाद सोडून शिट्ट्याच छापायला घेतल्या. या एका ठिकाणी पुस्तकानं वाचकाचं घर इतकं तंतोतंत ओळखलं, की वाचकाची चूकही उचलली.

त्याहून मोठी गफलत डब्याची. या पट्ट्यातल्या घरांतला सकाळचा बराचसा स्वयंपाक केला जातो सहाला आणि खाल्ला जातो एकला, मधले सात तास तो डब्यात असतो. अडीचशेहून जास्त कामगार असले तर कारखान्याला कँटीन चालवायला लावण्याची तरतूद १९४८च्या कायद्यात होती, पण छोट्या शॉपवाल्यांना, कंत्राटी माणसांना, कॉलेजच्या पोरांना आणि सीझन तिकीटवाल्या बायकांना डबा सुटलेला नाही. आणि तरी कुठल्याही पाककृतीच्या खाली 'डब्यात कसं वागतं' अशी ओळ मी छापलेली पाहिलेली नाही. काकडीची कोशिंबीर पाणी सोडते आणि ते पाणी पोळीकडे जातं. थालीपीठ सकाळी खुसखुशीत, दुपारी वातड. भरली वांगी मात्र सकाळपेक्षा दुपारी चवदार, मसाला मुरतो म्हणून. रस्सा तर झाकण कितीही घट्ट असो, कासारवाडी येईपर्यंत पिशवीत उतरलेला असतो. लेखिका पदार्थ ताटात वाढून, वर कोथिंबीर-खोबरं भुरभुरून मोकळ्या होतात. 'गरमागरम वाढावे' हे त्यांचं शेवटचं वाक्य असतं. ज्याच्या नशिबात गरमागरम नाही तो त्यांच्या हिशोबात नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही पुस्तकाकडून फार मागता. प्रत्येक पाककृतीत फोडणी, मसाला, मीठ, डबा आणि बिघाड असं सगळं लिहायचं तर पुस्तक उचलायला दोन माणसं लागतील. मान्य. पण मला प्रत्येक पानावर ते नकोच आहे. आरंभी एक पान पुरे: हे पुस्तक चार माणसांच्या घरासाठी आहे, आमची फोडणी अशी, आमचा मसाला असा, वाटी एवढ्या पाण्याची, आमच्याकडे लसूण नाही, किंवा आहे आणि भरपूर आहे. प्रस्तावनेत थोरामोठ्यांचे आभार मानायला चार पानं निघतात, तिथे हे एक पान जड होऊ नये. दुसरा आक्षेप जरा रसिक आहे. स्वयंपाकाची पुस्तकं करण्यासाठी थोडीच असतात, ती वाचण्यासाठी असतात. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' कुणी डबा भरायला घेत नाही, आरामखुर्चीत बसायला घेतं. हेही मान्य, आणि अशा पुस्तकांना माझी कसोटी मी लावणार नाही. फक्त ती कपाटात असावीत, ओट्यावर नाही. अडचण होते ती आरामखुर्चीतली पुस्तकं ओट्यावर घुसतात तेव्हा. वाचताना तोंडाला पाणी सुटतं आणि करताना डोळ्यांना.

गृहीत धरलेल्या घराचा प्रश्न मात्र फक्त सोयीचा नाही, आणि इथे मी विनोद जरा बाजूला ठेवतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं आणि का, ते त्यात नोंदलेलं आहे: वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रानातल्या भाज्या, टंचाईतून निघालेल्या युक्त्या, आणि तेला-तुपाची चैन न परवडणाऱ्या चुली. दापोडीत असा स्वयंपाक आठवणारी घरं कमी नाहीत. पण 'महाराष्ट्रीय पदार्थ' असं कव्हरवर छापलेल्या पुस्तकांत ती शोधायला गेलं तर अळूच्या भाजीपाशी आणि साबुदाण्याच्या खिचडीपाशीच रस्ता संपतो. अळूच्या भाजीशी माझं भांडण नाही, ती खावी. भांडण कव्हरशी आहे. एका जातीच्या, एका शहराच्या चार पेठांच्या स्वयंपाकाला सगळ्या राज्याचं नाव देणं हे 'नेहमीप्रमाणे' या शब्दाचंच थोरलं रूप आहे. 'आमच्या घरचे पदार्थ' म्हटलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत जोरात येतो: हे सगळं कशाला, मोबाइल आहे ना. आहे, आणि कांदा किती परतायचा हे डोळ्यांनी दिसतं ही त्याची खरीखुरी कमाई आहे. पण त्यातही घर गृहीतच धरलेलं असतं, उलट जास्तच. काचेच्या अठरा वाट्यांत अठरा वस्तू आधीच चिरून, निवडून, मोजून मांडलेल्या असतात; त्या कुणी मांडल्या आणि नंतर अठरा वाट्या कुणी घासल्या हे कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही. शिवाय भाजी लागायला आली की नेमकी मधे जाहिरात येते, आणि कणकेच्या बोटांनी ती घालवता येत नाही. पुस्तक निदान लागत्या भाजीसमोर गप्प पडून राहतं.

तेव्हा पुस्तक घ्यायचं झालं तर दापोडीहून मेट्रोनं मंडईला उतरावं, चालत अप्पा बळवंत चौकात जावं, आणि उभ्या उभ्या भाकरीचं पान काढावं. पनीरचं नाही, केकचं नाही, भाकरीचं. ते पानच नसेल तर लेखिकेनं भाकरी येणारं घर धरलंय किंवा भाकरी न खाणारं, दोन्ही आपल्या उपयोगाचं नाही. पान असेल तर बघावं की पीठ किती जुनं चालतं हे लिहिलंय का. दळून दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडेला चिरा पडतात, मग पाणी उकळतं घेतल्याशिवाय गत नसते. परातीतली पिठाची बाजू तव्यावर वर येऊ द्यायची, तिच्यावर पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची, हे सांगितलंय का? एवढं असलं तर बाकीचं पुस्तक डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. जुनी प्रत मिळाली तर त्याहून बरं, पण कोरी करकरीत जुनी प्रत घेऊ नये. ती कुणीच कधी वापरलेली नसते. समासात शिसपेन्सिलीनं 'मीठ जास्त', 'चार जणांना पुरत नाही', 'खोटं' असं लिहिलेली प्रत शोधावी. रद्दीवाला अशा प्रतीला, पानं खराब आहेत म्हणून, स्वतःहून वीस रुपये कमी सांगतो.